चार दाती: चौथ्या पायरीचा सगळ्यात भारी प्राणी कोणता?

भाचा लातूरला असतो, बारावीला. नीटची तयारी करणारं पोरगं, त्यामुळं कोणत्याही प्रश्नाला चार पर्याय असतात आणि त्यातला एकच बरोबर असतो, अशी त्याची पक्की समजूत झालेली. परवा रात्री त्याचा फोन आला. "मामा, हिरोज थ्रीमधी चौथ्या लेव्हलचा सगळ्यात भारी कोण? एकच नाव सांगा."

एकच नाव मला सांगता आलं नाही. त्यानं ते फारसं मनावर घेतलं नाही, पण माझ्या डोक्यात किडा शिरला. कारण याच प्रश्नावरून परभणीत काकांच्या झेरॉक्सच्या दुकानात मी आणि चुलतभाऊ कैक वेळा भांडलोय. लग्नपत्रिकांचा हंगाम सरला की दुकानातला एकुलता एक कॉम्प्युटर संध्याकाळी मोकळा व्हायचा. 'हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३' एकाच कॉम्प्युटरवर आळीपाळीनं खेळता येतो. एकाची पाळी चालू असली की दुसऱ्यानं भिंतीकडं तोंड करून बसायचं, हा आमचा कायदा. लोडशेडिंगच्या वेळेला इन्व्हर्टर धापा टाकायला लागायचा, आणि अर्ध्या लढाईत लाइट गेली की जो हरत होता तो हसायचा.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तो १९९९ साली आला, न्यू वर्ल्ड कम्प्युटिंगनं बनवला. मूळ खेळात आठ प्रकारची नगरं होती, त्याच वर्षीच्या पुरवणीत नववं आलं. प्रत्येक नगरात सात पायऱ्यांचे प्राणी तयार होतात आणि प्रत्येकाची एक सुधारित आवृत्ती असते. पहिल्या पायरीला भालेवाले, हाडांचे सापळे, बुटके असली किरकोळ फौज. सातव्याला ड्रॅगन, देवदूत असले हत्ती. दर आठवड्याला नवे प्राणी येतात, आपल्याकडच्या आठवडी बाजारासारखे: त्या दिवशी जेवढा माल आला तेवढाच, पैसे असतील तर उचला.

चौथी पायरी बरोबर मधली. पहिल्या पायरीचे प्राणी लढाईत चुरमुऱ्यासारखे उडतात. सातव्याचं घर बांधायला सोन्याबरोबर दुर्मीळ माल लागतो, तो जमेपर्यंत दिवस जातात. दुसरा-तिसरा आठवडा तुम्ही खरा काढता तो चौथ्याच्या जिवावर. म्हणून भांडण याच पायरीवरून जुंपतं.

आमचे आबा मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेला जायचे, बैल बघायला. मला एकदा सोबत नेलं होतं. देवणी आणि लाल कंधारीच्या दावणी लागलेल्या. आबांनी एका लाल कंधारीचा जबडा उघडला, दात मोजले, "चार दाती" एवढंच म्हणाले आणि मग त्याला दहा पावलं चालवून बघितलं. व्यापारी सारखा म्हणत होता, "लई ताकदीचा हाय, लई ताकदीचा." आबांनी विचारलं, "ताकदीचा हाय, पर नांगराला की गाडीला?" मग रुमालाखाली हात गेले, बोटं दाबली गेली आणि सौदा काही जमला नाही. चौथ्या पायरीच्या प्राण्यांकडं मी त्याच नजरेनं बघतो: गोऱ्हेपण सरलेलं, पुरता जुळलेला नाही, आणि नुसतं 'भारी' म्हणून काही कळत नाही.

आधी दात मोजू. प्रत्येक प्राण्यावर पाच आकडे असतात: हल्ला, बचाव, मार, जीव आणि वेग. नवखा माणूस 'हल्ला' बघून भुलतो. त्याला वाटतं, हल्ला १३ म्हणजे १३चा तडाखा. तसं नाही. तडाखा म्हणजे 'मार'. हल्ला आणि बचाव हे नुसते त्या माराला वर-खाली करणारे आकडे. माझा हल्ला तुझ्या बचावापेक्षा जेवढ्या अंकांनी जास्त, तेवढे पाच-पाच टक्के मार वाढतो. कमी असेल तर अंकामागं अडीच टक्के घटतो. वाढ पाच टक्क्यांनी आणि घट अडीचनं, हे नीट लक्षात ठेवा. म्हणजे हल्ल्याचा एक जादा अंक जेवढा मार वाढवतो, तेवढा मार घटवायला बचावाचे दोन जादा अंक लागतात.

आता जुगलबंदी लावू. एका बाजूला दहा क्रुसेडर, म्हणजे कॅसल नगराचे तलवारबाज. हल्ला १२, बचाव १२, मार ७ ते १०, जीव ३५, वेग ६. आपल्या पाळीत ते दोनदा वार करतात. दुसऱ्या बाजूला दहा ओगर मेज, स्ट्राँगहोल्डचे राक्षस. (मेज म्हणजे टेबल नव्हे, जादूगार. चुलतभाऊ त्यांना सरळ 'पैलवान' म्हणायचा.) हल्ला १३, बचाव ७, मार ६ ते १२, जीव ६०, वेग ५. दोघांचीही किंमत नगाला ४०० मोहरा. सारखे पैसे, सारखी संख्या. कोण जिंकणार?

माराची सरासरी धरून बसा. दहा क्रुसेडर साडेआठच्या हिशोबानं ८५ मारतात. १२ वजा ७ म्हणजे पाच, पाच पंचे पंचवीस टक्के जास्त, झाले १०६. एक पैलवान ६०ला पडला, दुसऱ्यानं ४६ खाल्ले आणि तो १४ जिवावर उभा. इथं एक गंमत आहे. १४ जीव उरलेला पैलवान जखमी म्हणून हळू मारत नाही, पूर्ण ताकदीनं मारतो. या खेळात प्राणी एकतर मेलेला असतो नाहीतर ठणठणीत. म्हणून उलट वार येतो तो नऊ जणांचा: नऊ नव्वे ८१, वर पाच टक्के, ८५. दोन क्रुसेडर आडवे, तिसऱ्याला १५ची जखम. मग क्रुसेडरांचा दुसरा वार, आता आठ जणांचा, पुन्हा ८५. पैलवान उरले सात.

आता पैलवानांची पाळी. सात जण ६६ मारतात, क्रुसेडर सहा राहतात. क्रुसेडर उलटा वार करतात, पण एकदाच, कारण दुहेरी वार फक्त स्वतःच्या पाळीत असतो. ६३. फेरी संपली तेव्हा सहा विरुद्ध सहा.

बरोबरी वाटते ना? पण सहा पैलवानांकडं मिळून ३४६ जीव आहे आणि सहा क्रुसेडरांकडं १९९. मी इथपर्यंत वहीत मांडलं तेव्हा वाटलं, क्रुसेडर गेले. तरी पुढं मांडत गेलो. पाचव्या फेरीत शेवटचा पैलवान पडतो आणि मैदानात एक क्रुसेडर उभा राहतो. दहातला एक. याला जिंकणं म्हणायचं की नाही ते तुम्हीच ठरवा.

आता यात एवढाच बदल करा, की पहिला वार पैलवानांनी केला. बाकी काहीही बदलू नका, दुसऱ्या फेरीपासून वेगानं क्रुसेडरच आधी खेळू द्या. चौथ्या फेरीत सगळे क्रुसेडर साफ, आणि तीन पैलवान शिल्लक. एका वारानं निकाल उलटला. मग 'कोण भारी' या प्रश्नात राहिलं काय?

राहिला तो वेग. आणि वेग म्हणजे नुसती घाई नाही. मैदान पंधरा घरं रुंद असतं, दोन्ही फौजा दोन टोकांना. क्रुसेडरचा वेग सहा, म्हणून पाळी आधी त्याची. पण पहिल्या पाळीत तो कुणापर्यंत पोचू शकत नाही. घाईनं सहा-सहा घरं पुढं पळत सुटला आणि पैलवान जागचे हललेच नाहीत, तर तो आपण होऊन त्यांच्या पाच घरांच्या टप्प्यात जाऊन उभा राहतो. मग पहिला वार त्यांचा. चुलतभाऊ मला याच डावानं कितीतरी महिने हरवत होता आणि मी मात्र क्रुसेडरला शिव्या देत होतो. वेगवान असणाऱ्यानं समोरच्याच्या टप्प्याच्या एक घर बाहेर थांबायचं, हे कळायला मला फार उशीर लागला.

दुसरी युक्ती याहून स्वस्त. उलटा वार प्रत्येक गटाला एका फेरीत एकदाच करता येतो (काही प्राणी अपवाद आहेत, ते सोडा). तेव्हा आधी एकच रॉयल ग्रिफिन पाठवायचा, तिसऱ्या पायरीचा. २४० मोहरा किंमत, वेग ९, उडतो. तो जाऊन टोचा मारतो, दहा पैलवान त्याच्यावर उलटा वार करून त्याचा चुराडा करतात, आणि त्या फेरीचा त्यांचा उलटा वार संपतो. मागून क्रुसेडर येतात आणि दोन्ही वार फुकटात करतात. २१२चा मार, तीन पैलवान खाली, आपला एकही क्रुसेडर नाही. मघाशी याच वेळेला दोन क्रुसेडर गेले होते, म्हणजे ८०० मोहरा. २४० देऊन ८०० वाचवणे याला आमच्याकडं व्यवहार म्हणतात.

बरं, आता ज्याचं नाव भाच्याच्या मनात होतं तो: व्हॅम्पायर लॉर्ड, नेक्रोपोलिसचा. आम्ही त्याला वेताळ म्हणायचो. हल्ला १०, बचाव १०, मार ५ ते ८, जीव ४०, वेग ९, उडतो. कागदावर मार अगदीच बेताचा. पण त्याच्याकडं दोन गोष्टी आहेत. त्याला कुणी उलटा वार करू शकत नाही. आणि तो जेवढा जीव घेतो तेवढा आपल्या मेलेल्या भावकीत परत भरतो.

दहा वेताळ विरुद्ध तेच दहा क्रुसेडर. वेताळ ६१ मारतात, एक क्रुसेडर पडतो, उलटा वार नाही. क्रुसेडर येतात, नऊ जण, ८४ मारतात. दोन वेताळ पडले. बरं वाटतं. मग उरलेले आठ उलटा वार करतात, ४९चा जीव ओढून घेतात, आणि पडलेले दोघंही उठून उभे! पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला वाटलं, कॉम्प्युटर बिघडला. लढाई चौथ्या फेरीत संपते. क्रुसेडर शून्य, वेताळ दहाच्या दहा.

भाचा म्हणणार, मग झालं की उत्तर! थांब बाबा. वेताळ ५०० मोहरांचा आहे, क्रुसेडर ४००चा. ५,००० मोहरांत दहा वेताळ येतात तर बारा क्रुसेडर येतात, वर २०० उरतात. बारा लावून मांडा. वेताळ जिंकतातच, पण आता उरतात सहा. दोन माणसं वाढवली आणि वेताळांचे चार कायमचे गेले. असं का? कारण वेताळ किती मारतो ते त्या क्षणी किती वेताळ उभे आहेत यावर, आणि किती उठतात ते तो किती मारतो यावर. त्याला जोरात आणि सलग मारत राहिलं की चाक उलटं फिरायला लागतं. थोडं-थोडं मारलं तर ते त्याच्या पथ्यावर पडतं. आणि एकाच फेरीत सगळेच्या सगळे मारले तर उठवायला कुणी उरतच नाही. म्हणजे वेताळाशी लढताना चार गटांनी चौघांना मारू नका, चौघांनी मिळून एकाला मारा.

आणि वेताळाला रक्त लागतं. समोर दगडी गोलेम, गार्गॉइल, एलिमेंटल असले बिनरक्ताचे प्राणी किंवा दुसरं भूतच असेल, तर शोषून घ्यायला काही नाही. मग तो उरतो साडेसहा सरासरी माराचा, ५०० मोहरांचा, महागडा प्राणी. टॉवर नगराच्या खेळाडूसमोर तिसऱ्या पायरीचे गोलेम उभे दिसले की नेक्रोपोलिसवाल्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

कॉम्प्युटर स्वतः खेळतो तेव्हा त्याला ताकद मोजायला प्रत्येक प्राण्याचा एक छुपा आकडा दिलेला असतो. क्रुसेडरचा ५८८, व्हॅम्पायर लॉर्डचा ७८३. भाग लावला तर वेताळ साधारण एकास एक-तृतीयांश जास्त. किंमत मात्र एकास पाव जास्त. म्हणजे बनवणाऱ्यांच्याच हिशोबात वेताळ थोडा स्वस्त पडतो. पण हा आकडा गोलेम समोर आहे की क्रुसेडर, हे विचारत नाही. बारावीच्या टक्क्यांसारखंच ते.

पैशाकडं आणखी एका बाजूनं बघू. एक जीव विकत घ्यायला किती मोहरा लागतात? ओगर मेज आणि इन्फर्नोचा शिंगाड्या हॉर्न्ड डेमन, दोघांत एका जिवाला साधारण पावणेसात मोहरा पडतात. क्रुसेडरमध्ये साडेअकराच्या आसपास, वेताळात साडेबारा, टॉवरच्या आर्च मेजमध्ये सरळ पंधरा. म्हणून शिंगाड्याला हसू नये. २७० मोहरांत ४० जीव, ७ ते ९ मार. ना उडत, ना जादू करत, ना दोनदा मारत. दुष्काळी भागातल्या बैलासारखा, कमी चाऱ्यावर ओढणारा. वर इन्फर्नोचे पाचव्या पायरीचे पिट लॉर्ड लढाईत आपल्याच मेलेल्या सैनिकांच्या मढ्यांतून नवे डेमन उभे करतात. तेव्हा त्या नगरात डेमनांची संख्या बाजारापेक्षा जास्त होऊ शकते, चौथ्या पायरीत ही सोय बाकी कुणाला नाही.

आणि संख्या हीच खरी अडचण असते. चौथ्या पायरीचे बहुतेक प्राणी आठवड्याला चार जन्मतात. नगरात किल्ला पूर्ण बांधला की आठ. तेवढे संपले की कितीही मोहरा घेऊन बसलात तरी त्या आठवड्यात आणखी मिळत नाही. सिटी हॉल झाला की रोज २,००० मोहरा येतात, त्यामुळं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कधी पैसा जास्त आणि प्राणी कमी, तर कधी उलट. पैसा तुंबलेला असेल तेव्हा महाग वेताळ परवडतो. हात आखडलेला असेल तेव्हा शिंगाड्याच बरा.

बाकीच्यांना झटकन उरकतो, कारण त्यांचं काम ठरलेलं आहे. रॅम्पार्टचा सिल्व्हर पेगॅसस, पंखांचा घोडा, मारात कच्चा, पण वेग १२. या पायरीवर त्याच्याइतका पळणारा कुणी नाही, आणि तो मैदानात असेपर्यंत शत्रूच्या हिरोला, म्हणजे फौजेच्या सेनापतीला, प्रत्येक मंत्राला जादूचे दोन गुण जास्त मोजावे लागतात. डंजनची मेडुसा क्वीन लांबून बाण मारते, पण भात्यात आठच. लांबलचक लढाईत ती उपाशी राहते, तरी जवळ आलेल्याशीही पूर्ण मारानं भिडते. फोर्ट्रेसची ग्रेटर बॅसिलिस्क ही आमची 'घोरपड'. हल्ला-बचाव दोन्ही १२, मार ६ ते १०, आणि दर पाच वारांत सरासरी एकदा समोरच्याला दगड करते. दगड झालेला ना हलतो ना उलटा मारतो. ऐनवेळी दगड झाला तर सगळी गणितं कोसळतात, आणि न झाला तर घोरपड म्हणजे बरा बैल, एवढंच. मला नशिबावर उभे असलेले प्राणी आवडत नाहीत, हा माझा दोष समजा. आर्च मेज २४ बाण बाळगतो, भिंती-अडथळ्यांनी त्याचा मार कमी होत नाही, पण त्याच्यापुढं कुणीतरी ढाल म्हणून उभं असलं पाहिजे. ३० जिवात तो एकटा टिकत नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्यांवर वरचढ आहे: हिरो. हिरोचा हल्ला आणि बचाव त्याच्या फौजेतल्या प्रत्येकाला मिळतो. नाइट सुरुवातीला हल्ला २, बचाव २ घेऊन येतो. बार्बेरियन हल्ला ४, बचाव शून्य. नाइटच्या हाताखाली क्रुसेडर झाले १४-१४, बार्बेरियनच्या हाताखाली पैलवान १७-७. आता क्रुसेडर पंचवीसऐवजी पस्तीस टक्के जास्त मारतात, पैलवान पाचऐवजी पंधरा टक्के. दोघांचाही मार वाढला, पण ३५ आणि ६० जीव होते तसेच राहिले. याचा अर्थ लढाई लवकर संपणार आणि पहिल्या वाराची किंमत आणखी चढणार. हिरो मोठे होत जातात तसा हा फरक रुंदावतो. खेळाच्या शेवटाकडं वेग आणि मंत्र सगळं ठरवतात, याचं मूळ इथं आहे.

भाच्याला मी हे सगळं फोनवर सांगितलं. मध्ये-मध्ये तो "हं" म्हणत होता, म्हणजे अर्धं लक्ष दुसरीकडं होतं. शेवटी म्हणाला, "म्हणजे पर्याय ड. यांपैकी नाही." मी म्हटलं, "अभ्यास कर बाबा, मे महिन्यात परीक्षा हाय."

रविवारी त्याचा मेसेज आला, स्क्रीनचा फोटो. समोर दहा ओगर मेज होते. त्याच्या फौजेत सात क्रुसेडर शिल्लक, आणि मेलेल्यांच्या रांगेत पहिलं चित्र एका रॉयल ग्रिफिनचं. खाली लिहिलं होतं: "मामा, २४० वसूल."